रंगूनच्या तंबूपुढचा फोटो

आई, गेल्या महिन्यात तुझा एक फोटो घरी आला. सांगलीची एक मुलगी घेऊन आली होती. तिचे पणजोबा सर्कशीत बँड वाजवायचे. त्यांची पत्र्याची ट्रंक घर पाडताना निघाली, तिच्यात असे पुष्कळ फोटो होते. तुझ्या माहेरी विचारत विचारत ती इथे मलकापूरला माझ्यापर्यंत पोचली. फोटो तळहाताएवढा, कडा वाळवीने खाल्लेल्या. तंबूच्या दारापुढे एक बाई ताठ उभी आहे, आणि तिच्या खांद्यांवर झालरीचा झगा घातलेली एक पोर हात पसरून उभी आहे. मागे रंगूनच्या कुठल्या तरी स्टुडिओचा शिक्का. मुलीला सांगलीत जुन्या सर्कशींच्या फोटोंचं प्रदर्शन भरवायचं होतं. फोटोखाली कोणाची नावं घालू, एवढंच तिला विचारायचं होतं. तेवढंच मला पटकन सांगता येईना. भावाशी बोलून कळवते म्हणाले, तिला चहा दिला आणि ती गेल्यावर बराच वेळ फोटो हातात धरून स्वयंपाकघरात बसून राहिले.

तू सर्कशीत होतीस हे आमच्या घरात कुणी बोलत नसे. लग्न ठरवताना तुझ्या माहेरच्यांनी ते काढलंच नाही, आणि खटावच्या कोरडवाहू गावात, फौजेतल्या नवऱ्याच्या घरी, तूही कधी काढलं नाहीस. मला ते कळलं विहिरीमुळे. चुलत्यांचा धाकटा, चालायलासुद्धा नुकताच शिकलेला, विहिरीवर आडव्या टाकलेल्या वाशावर रांगत मधोमध गेला, आणि खाली पाणी दिसल्यावर तिथेच वासा कवटाळून रडायला लागला. काठावर सगळी आरडाओरडा करतायत, कुणी दोर आणायला पळतंय, चुलती तर खालीच बसली आहे. तू शेतात भाकरी घेऊन निघाली होतीस. डोक्यावरची पाटी खाली ठेवलीस, पदर खोचलास, चपला काढल्यास. आणि बाजाराच्या रस्त्याने चालावं तशी त्या वाशावरून चालत गेलीस. पोराला हळूच म्हणालीस, "माज्या डोळ्याकडं बघ. खाली बघू नगंस." त्याला कडेवर घेतलंस. मागे वळली नाहीस, तशीच पुढे चालत पलीकडच्या काठावर उतरलीस. आजी तुझ्याकडे बघतच राहिली. "अगं, हे कुठं शिकलीस गं?" तू पाटी डोक्यावर घेत म्हणालीस, "त्यात काय आत्या, वासा चांगला रुंद हाय."

दुसऱ्या दिवशी मी गोठ्याच्या भिंतीवर चढून हात पसरून चालायला लागले. तू मला खाली ओढलंस आणि थोबाडीत मारलीस. तू मला त्याआधी कधी मारलं नव्हतंस, नंतरही नाही. संध्याकाळी चुलीपुढे मी रुसून बसलेली. तू भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघता बोलायला लागलीस. "धरणारं कोण असल्याबिगर चढू न्हाई." मी विचारलं, तुला कोण धरत होतं? "मावशी," म्हणालीस. "माज्या आईची बहीण. तिच्या खांद्यावर मी उभी ऱ्हायची. ती श्वास घ्यायची, ते माज्या पावलांना कळायचं."

मग तू रंगूनचं सांगितलंस. जपान्यांचे बॉम्ब पडले, तंबू जळाला, जनावरं सुटली, मालक बोटीने निघून गेला. उरलेली माणसं मणिपूरच्या डोंगरांतून हिंदुस्थानाकडे पायी निघाली. वाटेत चिखल, जळवा, वाटेच्या कडेला बसलेली माणसं, त्यांतली काही उठणारी आणि काही न उठणारी. तू दमलीस की मावशी तुला खांद्यावर घ्यायची. एका डोंगरात तिला ताप भरला. तिने तुझा हात बँडवाल्यांच्या हातात दिला आणि म्हणाली, तू पुढं हो, मी जरा बसून येती. "मला म्हणाली व्हती, मागं बघू नगंस. मी बघितलं," तू म्हणालीस. "ती झाडाला टेकून बसली व्हती. माज्याकडंच बघत व्हती." एवढं बोलून तू तव्यावरची भाकरी उलटलीस आणि मला ताट घ्यायला सांगितलंस. पुन्हा हा विषय तू काढला नाहीस आणि तुझा चेहरा आठवून मीही काढला नाही.

मी फोन केला म्हणून भाऊ साताऱ्याहून आला. फोटो बघून त्याचा चेहरा उतरला. "आक्का, आईनं जन्मभर झाकून ठेवलं. आता ती न्हाई म्हणून भिंतीवर टांगायचं व्हय?" त्याचं चुकत नव्हतं. तुझं झाकलेलं उघडायला आम्ही कोण, हे मलाही समजत नव्हतं. मग मी त्याला चुलीपुढचं सगळं सांगितलं. तू सर्कशीत होतीस एवढं त्याला माहीत होतं. चालत आलीस ते माहीत नव्हतं. त्याने चष्मा काढून पुसला, परत घातला.

"माजं पोस्टिंग मणिपूरला व्हतं तवा दर सुट्टीला इचारायची," तो म्हणाला. "तिकडच्या डोंगरात आता वाटा हायत का रं? मी म्हणायचो, वाटा कसल्या, ट्रक जात्यात. मग म्हणायची, बरं झालं. मला वाटायचं, माज्या काळजीनं इचारती."

त्यानंतर त्याने फोटो परत हातात घेतला आणि खालच्या बाईकडे बोट दाखवलं. "हिला कुणी जाळलं न्हाई, पुरलं न्हाई. हिचं निदान नाव तरी लागू दे. लाव तू. पण हिचं आधी."

नाव मात्र आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. तू मावशीच म्हणायचीस. तुझ्या माहेरी आता त्या पिढीतलं कुणी उरलं नाही. म्हणून 'मावशी' एवढंच लिहिलं आणि त्यापुढे तुझं पूर्ण नाव, माहेरचं.

काल सांगलीला दोघं जाऊन आलो. फोटो मोठा करून लावलाय, त्यात तुझ्या पायाचा अंगठासुद्धा स्पष्ट दिसतो. एक शाळेतली पोरगी भावाला विचारत होती, "आजोबा, ही पडली नाही का?" तो म्हणाला, "न्हाई. खालची बाई पक्की व्हती." आणि तिथून तो लवकर हलेना.

हे मी तुझ्यासाठी लिहिलं, पाठवायला जागा नाही, हे लिहायला बसले तेव्हाच माहीत होतं. पण एक सांगायचं राहिलं, ते भावालाही सांगितलेलं नाही. त्या मुलीने पहिल्यांदा फोटो पुढे केला तेव्हा मी लगेच म्हणाले, ही माझी आई, आणि बोट ठेवलं ते खालच्या बाईवर. तोच जबडा, तेच डोळे, पदर खोचून उभं राहायची तीच ढब. मुलगी चाचरत म्हणाली, "आजी, पण तुमची आई तेव्हा एवढी मोठी कशी असेल?" मग मी वर बघितलं. वरच्या पोरीला मी ओळखत नव्हते.