आईच्या वहीतला हिरवा रंग

देवबाग, १४ ऑक्टोबर २०२४

चि. फेबीस, आईचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. तुझं चित्र शेजारच्या भक्तीने तिच्या मोबाइलवर दाखवलं. चार वर्षं दर रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर आम्ही बायका किनाऱ्यावरचा कचरा वेचतो आणि काय सापडलं ते मी वहीत लिहिते. त्या वह्यांवरून तू इंटरनेटवर असं चित्र मांडशील, हे ध्यानीमनी नव्हतं. एकेका वस्तूचा एकेक ठिपका, आणि ठिपके भरतीसारखे वर चढतात. चपला निळ्या, बाटल्या पांढऱ्या. मी देवाचे आभार मानले.

पण सगळ्यात जास्त आहे तो हिरवा, म्हणजे होड्यांवरून टाकलेली फाटकी जाळी. तुझ्या रिचर्डदादाने ते पाहिलं आणि भरल्या ताटावरून उठला. बहिणीनेच आम्हा मच्छीमारांची जगभर बदनामी केली म्हणाला. आता माझ्याशी कामापुरतंच बोलतो. काय करावं कळत नाही.

तब्येतीला जप. माया आहेच.
तुझी आई, कोन्सेसांव


पुणे, २१ ऑक्टोबर २०२४

ती. आईस, सा. न.

पत्र वाचून रडू आलं. बाबा गेल्यावर दादाने शाळा सोडून होडी धरली, म्हणून मी शिकले. त्याच्या धंद्याला नाव ठेवायचं माझ्या मनातही नव्हतं. वहीत होतं तेच मी रंगवलं. हिरवा थोडा फिका करता येईल, पण मग ते खोटं होईल. त्यापेक्षा सगळं चित्रच इंटरनेटवरून उतरवते. तू फक्त हो म्हण.

दादाला माझा नमस्कार सांग, तो घेईल तेव्हा.
तुझी फेबी


देवबाग, ४ नोव्हेंबर २०२४

चि. फेबीस, अनेक आशीर्वाद.

उतरवू नकोस. मी फादरांना विचारलं, पोराला दुखवून खरं दाखवणं पाप का? ते म्हणाले, समुद्र देवाने आपल्याला राखायला दिला आहे, आणि राखणदाराने आधी आपल्या घरात बघावं. मग मी माझ्या घरात बघितलं. तुझे बाबाही फाटकं जाळं पाण्यातच सोडायचे आणि मी तीस वर्षं काठावरून बघत होते. मग एकट्या रिचर्डला दोष कसा द्यायचा? काल जेवताना त्याला हेच सांगितलं. या वेळी ताटावरून उठला नाही, उलट आणखी थोडा भात मागून घेतला. माझ्यासाठी तेवढंही पुष्कळ झालं.

नाताळला येशील ना? वाट बघते.
तुझी आई


देवबाग, ४ डिसेंबर २०२४

चि. फेबीस, दादाचे आशीर्वाद.

मला पत्र लिहायची सवय नाही, पण आई म्हणाली, तुझां तूच लिही.

शुक्रवारी परतताना होडीच्या इंजिनाचा पंखा अडकला. पाण्यात उतरलो तर जुनं हिरवं जाळं गुंडाळलेलं, आणि त्यात एक कासव. मान आवळलेली, डोळे उघडे. सुरीने कापताना एक गाठ हाताला लागली. बाबा डावखुरे, त्यांच्याकडून शिकलो म्हणून माझी गाठ उलटी पडते. इथे दुसरं कोणी तशी मारत नाही. जाळं माझंच होतं, पावसाआधी फाटलं म्हणून मीच पाण्यात टाकून दिलेलं. तुझं चित्र पाहिलं नसतं, तर गाठीकडे लक्षही न देता कापून पुढे गेलो असतो.

कासव सुटलं तरी हलेना. मेलं असं वाटलं. मग त्याने डोकं वर काढून एकदा श्वास घेतला आणि खाली गेलं. मी होडीला धरून तसाच राहिलो. किती दिवसांनी मनापासून देवाचं नाव घेतलं.

रविवारी ते जाळं चर्चच्या आवारात नेलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं की हे माझं. दुसऱ्या दिवशी होडीवाला सुशांत तांडेल त्याचं फाटकं जाळं घेऊन आला आणि माझ्या जाळ्यावर ठेवून गेला. आज तिथे सात जणांची जाळी आहेत.

तुझ्यावर रागावलो, ते मनात ठेवू नकोस. आईच्या वहीत मी माझ्या हाताने लिहिलंय: जाळं एक, रिचर्डचं. तो ठिपका चित्रात घाल, आणि नाव गाळू नकोस.

तुझा दादा,
रिचर्ड