गुरुपादप्पाने सुलट केलेलं नाव

नांदेड, दि. ८ जानेवारी २०२४

ती. स्व. सिद्धेश्वर मामांना मंजुश्रीचे शरणु शरणार्थी. सा. न. वि. वि.

फोनवर सर्किट सांगता येत नाही हा तुमचाच नियम, म्हणून पत्र आणि सोबत आकृती. बोअर कोरडा पडला की मोटार आपोआप बंद करणारं सर्किट मी शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला घेतलंय. तुम्ही तांब्याचा थर असलेल्या पाटीवर बारीक ब्रशने काळ्या वाटा रंगवता आणि उरलेलं तांबं द्रावणात विरघळवून टाकता, तसा बोर्ड मला करून द्या. वीस फेब्रुवारीला परीक्षक येणार आहेत. माझ्या मामांइतकी सरळ रेघ मशीनलाही येत नाही असं मी वर्गात सांगून बसलेय, तेव्हा अब्रू तुमच्या हाती.

मामींनाही माझे शरणु शरणार्थी सांगा. माया आहेच, ती कमी होऊ देऊ नका.
तुमची, मंजुश्री

औसा, दि. १४ जानेवारी

चि. मंजुश्रीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. पण ब्रश वाळले, रंग आटला, आणि आता रेडिओ-टीव्ही दुरुस्त करून घ्यायला येतं कोण? महिनाभर शटर ओढलेलंच आहे. दुकान भाड्याने देऊन टाकावं म्हणतो. तू नांदेडलाच कुठे तरी बोर्ड करून घे. अभ्यास सोडू नकोस. मामाची आठवण असू दे.
सिद्धेश्वर

ता. क. मंजू, पाकीट चिकटवायला माझ्याकडं दिलंय म्हणून लिहायलेय. रंग काही आटला न्हाई. ह्यांचा हात लई थरथरतो. एक रेघ वाकडी गेली, त्या दिवसापासून दुकानाला गेले न्हाईत. दिवसभर घरात बसून माझ्या फोडणीला नावं ठेवतात. दुकान गेलं तर हा माणूस खचंल गं. मी सांगितलं म्हणू नको. कमलम्मा मामी.

नांदेड, दि. २० जानेवारी

ती. स्व. मामांना सा. न. वि. वि.

तुमचं काही ऐकणार नाही. हा बोर्ड इस्त्रीने होतो आणि आमच्या वसतिगृहात इस्त्रीला सक्त बंदी आहे, म्हणून तो औशालाच व्हायला हवा. ब्रशचं काम नाही. पेनड्राइव्ह पाठवतेय. त्यातलं चित्र गुळगुळीत कागदावर लेझर प्रिंटरने छापून घ्या. ती काळी पूड, म्हणजे टोनर, गरम केली की पुन्हा वितळते. घासलेल्या तांब्यावर कागद पालथा ठेवून कडक इस्त्री दाबायची. थंड झाला की पाण्यात भिजवून कागद चोळून काढायचा, वाटा तांब्याला चिकटून राहतात. पुढचं तुम्ही मला शिकवलंय.

चित्र मुद्दाम उलटं ठेवलंय, पालथं घातलं की सुलट उमटतं. कोपऱ्यात माझं नावही तसंच आहे. मामींकडे इस्त्री मात्र तुम्हीच मागा, त्या भांडणात मला ओढू नका. भाचीचे लाड चालू ठेवावेत.
मंजुश्री

औसा, दि. ११ फेब्रुवारी

चि. मंजुश्रीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

लातूरला जाऊन तांब्याचा थर असलेली पाटी आणि द्रावणासाठी फेरिक क्लोराइड आणलं. छपाई आपल्या गुरुपादप्पाच्या झेरॉक्सच्या दुकानात केली. त्याने कागद गुंडाळून, रबर लावून दिला, मी न उघडता घरी आणला. इस्त्री झाली, द्रावण झालं, टोनर पुसला, आणि बघतो तर तुझं नाव उलटं. जाब विचारायला गेलो. तो म्हणाला की पंचवीस वर्षं लग्नपत्रिका छापतोय, पोरीचं नाव उलटं कसं जाऊ देऊ? अख्खं चित्र त्याने स्वतःहून सुलट करून दिलं होतं, वर पैसेही घेईना. तुझी मामी हसून हसून खाली बसली.

मला मात्र राग आला. त्याच रागात दुकान उघडलं. पार्ट मागून घालण्याऐवजी तांब्याच्याच बाजूने बसवले तर असा उलटा उमटलेला बोर्डही चालतो. आयसी चिपचे पाय पसरून, मनगटं टेबलाला टेकवून सोल्डरचा एकेक टाका मारला. दुपार कधी झाली कळलं नाही. मग तारा पाण्याच्या बादलीत सोडल्या, मोटार चालू-बंद करणारा रिले चालू झाला. तारा उचलल्या, टक करून बंद. दोनदा, तीनदा करून पाहिलं. मंजू, मला रडू आलं.

बोर्ड न्यायला तुझा वर्गमित्र सुगत आला. पोरगा साधा आहे. बोर्ड बनवायचं मशीन लॅबमध्ये असताना मामांना त्रास कशाला, असं तोच विचारून बसला. सदरा कडक इस्त्रीचा दिसला म्हणून चौकशी केली, तर वसतिगृहातच केली म्हणाला. बंदी वगैरे काही नाही. तुला माझ्या हातांची बातमी कुणी पुरवली तेही कळलं. तुझी मामी समोर शेंगा सोलत बसलीय आणि वर बघत नाहीये.

माझे हात थरथरतात. हे तुला लिहायची लाज वाटत होती, आता वाटत नाही. कीव करणारं पत्र आलं असतं तर मी फाडून टाकलं असतं. दुकान भाड्याने द्यायचं नाही, रोज उघडतो. पुढच्या वेळी बहाणा नको. नुसतं लिही की मामा, बोर्ड करून द्या. लोभ आहेच, त्याच्यासोबत काम पाठवत जा.
तुझा मामा, सिद्धेश्वर