फुलीच्या अलीकडचं नाव

दोहा, १८ मे २००६

ती. सौ. शशिकलाताईस,
प्रतापचा साष्टांग नमस्कार. चार महिने पत्र नाही, माफ कर. (आळस नव्हता.) गुडघे आता कसे आहेत? आम्ही सगळे ठीक, असं लिहून खोडलं आणि पुन्हा लिहिलं.

तुझी भाची नमिता आणि तिची वर्गमैत्रीण मुनीरा तीन वर्षं एका जपानी चित्रमालिकेतल्या दोन तलवारबहाद्दरांवर स्वतः कॉमिक काढायच्या. त्यात ते एकमेकांच्या प्रेमात पडतात. (हो, दोघेही पुरुष. मी दोनदा वाचून खात्री केली.) मुनीराच्या वडिलांची इथली नोकरी संपली, कुटुंब कायमचं खार्टुमला निघालं, म्हणून नमिताने निरोपाचं पुस्तक केलं, चोवीस पानांचं. तिला ताप होता, तेव्हा मुखपृष्ठ टाइप करून बांधणी करायची आणि पाकीट मुनीराच्या घरी पोचवायचं, हे काम माझ्याकडे आलं. मी रास लफानच्या गॅस प्रकल्पात, डॉक्युमेंट कंट्रोलमध्ये. नऊ वर्षं इंग्रजी आद्याक्षरांनी फायली लावतोय. नमिताने 'इसामू × हारुतो' लिहून दिलं होतं. मी हारुतोला आधी घेतलं. कंपनीच्या बसमध्ये शेजारच्या रहमानला दाखवलंही. तो म्हणाला, "खलास साब, एकदम फाइल जैसा."

आता अशी कॉमिक काढणाऱ्या लोकांची रीत ऐक. फुलीच्या आधीचा तो सेमे, प्रेमात पुढाकार घेणारा. नंतरचा उके, ज्याचं मन वळवायचं तो. क्रम उलटला की पंथच बदलला. एका पंथाचे लोक दुसऱ्याचं पुस्तक हातात धरत नाहीत; चुकूनही धरलं जाऊ नये म्हणून तर जोडी मुखपृष्ठावर छापतात. (लग्नपत्रिकेत नाव खालच्या ओळीत गेलं म्हणून आपले नाना पंगतीतून उठले होते, तसंच.)

मुनीराने विमानात पाकीट फोडलं. तिची एकच ईमेल आली: तुला दुसरीच जोडी आवडत होती, तर तीन वर्षं माझी चेष्टा केलीस का? त्यानंतर उत्तर नाही. नमिताने मला विचारलं, "बाबा, डिड यू चेंज एनीथिंग?" मी नाही म्हणालो. ती म्हणाली, "ओके." तिला दुसरी मैत्रीण नाही. पेन्सिलींचा डबा तिने स्वयंपाकघरात लाटण्याच्या खणात ठेवलाय. तिची आई रोज तो बाजूला सारून पोळ्या करते.

तुझा,
प्रताप

ता. क. सुट्टीत ती नाशिकला आली की तूच तिला सांग, बाबाकडून ऑफिसच्या सवयीने चूक झाली. तुझ्या तोंडून पटेल.

ता. क. २. वरची विनंती रद्द. क्रमाचा अर्थ नमिताने मला जानेवारीतच वहीत बाण काढून समजावला होता. टाइप करताना तो आठवत होता. दोघींचं बिनसावं आणि हे कॉमिक थांबावं, असं मला वाटलं. त्या दिवशीच्या डायरीत मी फक्त हवामान लिहिलंय.

उद्या, शुक्रवार: नमिता उठली की, चहाच्या आधी, तिला खरं सांगणे.