तळ्याचं पांघरूण

४ जानेवारी
आलो बाई एकदाचे! काठावर दोन खोल्यांचं घर, शेजारी प्रयोगशाळा आणि समोर नजर पोचणार नाही एवढं गोठलेलं सरोवर. आमचे धाकटे बंधुराज मदतनीस म्हणून सोबत आहेत. वयानं घोडा झालाय, पण निघताना आईनं त्याला माझ्या हवाली केलं, जणू अजून पाचवीतच आहे. आल्या आल्या त्यानं चांगली खोली बळकावली. केंद्रप्रमुख बाईंनी काम समजावलं. हिवाळ्यात तळाशी मेलेलं सगळं कुजतं, नायट्रेट आणि फॉस्फरस पाण्यात साठत जातं, आणि बर्फातून उजेड पोचला की शेवाळ त्यावर ताव मारतं. हे सगळं आम्ही मोजायचं.

६ जानेवारी
बर्फाचा भुगा झाडून खोलीएवढा चौकोन मोकळा केला. खाली बर्फ काचेसारखा. वीतभर भोक पाडून पाण्याचा नमुना घेतला. इथली रीत अशी, की संध्याकाळी भुगा परत चौकोनावर लोटायचा. बाई त्याला तळ्याला पांघरूण घालणं म्हणतात. भावाला हसू आवरेना. कारण विचारलं, तर म्हणाल्या, आधीपासून करत आलोय, तुम्हीही करा.

९ जानेवारी
बाई शहरात गेल्यात. आज पांघरूण घातलं नाही. सतत उजेड मिळाला तर शेवाळ किती वाढतं, ते मला बघायचंय. भाऊ खूश. फावडं मारायचा त्याला कंटाळाच.

१२ जानेवारी
चौकोनाखाली तपकिरी-हिरवं शेवाळ गच्च धरलंय. नायट्रेट भराभर उतरतंय. आकडे बघून मी उड्याच मारल्या. फक्त चौकोन काठाच्या बाजूला लांबलाय. भाऊ शपथेवर सांगतो, त्यानं खराट्याला हात लावलेला नाही. एवढ्या कामाचा संशय त्याच्यावर घेणंच चूक म्हणा.

१५ जानेवारी
नायट्रेट शून्य. फॉस्फरस शून्य. खायला काही उरलं नाही, तरी वाढतंय. मोकळा पट्टा घराच्या रोखानं येतोय, भुगा खालून वितळतोय. भाऊ जिथे उभा राहतो तिथे त्याच्या पावलांखाली शेवाळ गोळा होतं. तो सरकला की तेही सरकतं. त्याला गंमत वाटली. मला भीती वाटली, सरळ सांगते.

१६ जानेवारी
बाईंना फोन केला. ओरडल्याच. आत्ताच्या आत्ता झाका म्हणाल्या, आणि एकट्यानं जाऊ नका. मी फोन ठेवेपर्यंत भाऊ फावडं घेऊन गेलाही होता.

फावडं सापडलं. तो नाही. भोक तेवढंच, वीतभर. त्यातून माणूस जाणं कसं — बर्फ कुठेही फुटलेला नाही.

१७ जानेवारी
वादळानं रस्ता बंद. शोधायला माणसं निघालीत, पोचलेली नाहीत. आईचा फोन वाजतोय. उचलत नाही. काय सांगू —

हाताला काम हवं म्हणून नमुना घेतला.
नायट्रेट वाढलंय. फॉस्फरसही. एकदम. कधी नव्हे एवढं.
देवा, हे कशातून आलं ते मला कळतंय.

दुपार
पट्टा घरासमोरच्या धक्क्याला लागलाय. इथेच बसून लिहितेय. खाली हिरवं काहीतरी — माणसाएवढं. हात. त्याचाच आहे, मी ओळखते. आतून बर्फ पुसतोय. मला बघतोय. आकडे खोटे, आई, तो आहे, मी त्याला घेऊन येते — बर्फ पातळ आहे इथे, थोडं वाकलं तर हात पोच