सासूबाईंच्या हिऱ्यातलं काळं

३ मार्च, सकाळ
धाकटीचं लग्न ठरलं. सासूबाईंच्या अंगठीतला हिरा तिच्या अंगठीत बसवायचा. ही म्हणाली, आईची एवढी एकच वस्तू उरलीय, साडूंकडे द्या, ते पैलू पाडतात. साडू! कारखान्यात कच्चे हिरे गोल करण्यात माझं आयुष्य गेलं. मी गोल केल्याशिवाय साडू पैलू पाडणार कशाला, कपाळाला? निश्चय: हिरा मीच बघणार.

दुपार
नाकाशी धरून बघितला. (चष्म्याची गरज नाही. नजर उत्तम आहे, फक्त वस्तू जवळ लागते.) मधोमध काळं. प्रकाश वरून शिरतो, तळाच्या पैलूंवर आपटून परत वर येतो, हे शेंबडं पोरही सांगेल. काळं म्हणजे प्रकाश परतत नाही. म्हणजे तळ फार खोल. जुन्या कारागिराचा ढिसाळपणा. हिला सांगितलं नाही, उगाच काळजी करत बसेल.

५ मार्च
कारखाना सुटल्यावर मागे थांबून चाकावर तळ घासला. अगदी जरासा. काळं आहेच. चाकच धड नाही.

६ मार्च
आणखी घासला. काळं आता हलतंसुद्धा. मी डोकं हलवलं की हलतं, वाकलो की मोठं होतं. फार चिवट दोष. साडूंना हा जन्मात सापडला नसता.

९ मार्च
ही म्हणाली, लग्न शनिवारी आहे, हिरा कुठाय. म्हटलं, पॉलिश चालू आहे. रात्री दोनदा उठून हिरा बघितला. चहा जास्त झाला असावा. उद्या शेवटचा हात.

१० मार्च
फत्ते. वरून घेर तेवढाच, काळं बरंच फिकट. पेपरावर ठेवला तर खालची अक्षरं वाचता आली. इतका शुद्ध हिरा मी तरी पाहिला नाही.

११ मार्च
साडू आले. हिरा बघून खुर्चीत बसले. म्हणाले, कसा बघत होतात ते दाखवा. दाखवलं. म्हणाले, उजेड तुमच्या बाजूनेच आत जायचा, तो तुम्हीच अडवलात. काळं दिसत होतं ते तुमचं डोकं. तळ उत्तम होता. आता इतका उथळ झालाय की उजेड खालून गळून जातोय.

धाकटी म्हणाली, बाबा, मी हाच घालीन. बोटावर ठेवून बघितला. खालच्या कातडीच्या रेषा दिसत होत्या.

हिने साडूंना विचारलं, भरून येईल का. ते नाही म्हणाले. मग ही म्हणाली, आई अंगठीचा हात उन्हात धरून आम्हा बहिणींना भिंतीवर रंग दाखवायची. आणि आत गेली.

मी हिरा खिडकीपाशी नेला. भिंतीवर काही आलं नाही. सगळा उजेड खालून माझ्याच तळहातावर पडला होता.