शिंपल्याखालची जागा

मी मारसेलीन तेहिवा, वय बावन्न, राहणार तेमारोआ बेट, चर्चमागचं घर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं लिहिते. गाठ गळ्यात आहे, डोक्यात नाही. मला कुणी धाक घातलेला नाही. घालणारा अजून जन्मायचाय. शाळा दोनच वर्षं झाली, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका काढत बसू नये.

घर, भांडी आणि पावसाच्या पाण्याची टाकी भाची मोएआता हिला. लष्करी तळावरून आणलेली पिंपं टाकीला जोडू नयेत. त्यांत काय असायचं, ते आम्हाला कुणी सांगितलं नाही.

तळाच्या धोबीखान्यातली माझी इस्त्रीही तिलाच. अणुबॉम्ब फोडायच्या बेटावरून परतलेल्या माणसांचे कपडे आम्ही बायकांनी उघड्या हातांनी धुतले. साहेब म्हणायचा, "नुसती धूळ आहे, बाई." मग तू हातमोजे घालून का उभा होतास रे?

होडी व जाळं मोएआताच्या नवऱ्यास. आळशी आहे, पण पोहतो बरा.

माझा भाऊ रोपाती यास काहीही नाही. म्हणूनच त्याला साक्षीला घेतलाय. ज्याला मिळतं त्याची साक्ष चालत नाही म्हणतात.

आता जमीन. किनाऱ्याची पट्टी मला आईकडून आली. माझी मुलगी हेइपुआ जन्मली तेव्हा तिची नाळ आणि वार मी तिथं पुरली आणि वर नारळ लावला. आमच्यात माणूस त्या झाडाचं असतं, कुठंही भटकलं तरी. दोन वर्षांनी तळ आला. बॉम्बच्या बेटाकडे जाणारा माल उतरवायला त्यांना काँक्रीटचं अंगण हवं होतं. मी आजारी पडलेली, रोपातीनं माझ्या नावानं सही ठोकून दिली. नारळ माझ्या कमरेएवढा झाला होता. तोडला. काँक्रीट ओतणाऱ्यांत माझा नवराही होता, मानुताही त्याचं नाव. त्या झाडाचं नाव मी पुन्हा घरात काढू दिलं नाही.

एकोणिसाव्या वर्षी हेइपुआला रक्ताचा आजार झाला. मोठ्या बेटावर, पापेएतेच्या इस्पितळात म्हणाली, "आई, मला माझ्या नारळाखाली ने."

"नेते," म्हटलं. कुठं नेणार? जिकडं बघावं तिकडं काँक्रीट. तिला तिकडच्याच मातीत ठेवून आले.

परतले त्या दिवशी मानुताही हाताला धरून मला अंगणात घेऊन गेला. पिंपांच्या रांगेमागं वाकला, वाळू झाडली. काँक्रीटमध्ये मोत्याचा शिंपला रुतलेला.

"ओलं होतं तेव्हा दाबला, नारळाच्या जागेवर. मुकादम पाठमोरा होता."

"आणि आत्ता सांगतोस, मेल्या?"

"तू नाव काढू देत होतीस?"

मी वाकून शिंपल्यावर राहिलेली वाळू पुसत बसले. तळवाल्यांनी तेव्हा फोडू दिलं नाही. पुढं मानुताही गेला. आता अंगण रिकामं झालंय, जमीन परत आलीय. तर रोपाती म्हणतो, "ताई, आयतं अंगण आहे, खोबरं किती झकास वाळतं! फोडायचं काय डोंबल?"

"तुझ्या वारेवरच्या झाडाचे नारळ अजून खातोस ना, रोप्या? मग गप बस."

ही जमीन मोएआताला, एका अटीवर. मानुताहीची पहार घ्यावी, शिंपल्यापाशी फोडावं, पापेएतेहून हेइपुआला आणून तिथं ठेवावं, वर नारळ लावावा. मला चर्चमागं मानुताहीशेजारी पुरावं.

शिंपला फोडू नये. अख्खा सोडवून, पुरण्याआधी माझ्या हातात द्यावा. त्या दिवशी मानुताहीला बोलायचं राहिलं, ते समोर धरून बोलेन.

सही: मारसेलीन तेहिवा
तेमारोआ, ९ ऑगस्ट १९९०

साक्षीदार: ओदिल तुपाना, टपालघर. माझ्यासमोर लिहिलं. मध्ये दोनदा रडली, हे लिहू नको म्हणाली.

साक्षीदार: रोपाती माइरे, भाऊ. वाचलं. पहार जड आहे, मोएआताला एकटीला झेपणार नाही. मी फोडीन.