एकाच वासिलच्या दोन तारखा

पशेमिशल (पोलंड), मंगळवार

प्रिय मिरोस्या,

फोनवर तू रडायला लागतेस आणि काम अर्धंच सांगून होतं, म्हणून लिहिते आहे.

तुझ्या ख्रिस्तिनाचा पोलंडच्या नागरिकत्वाचा अर्ज इथे अडला होता. आपले आजोबा ऑस्ट्रियाच्या राज्यात जन्मले, पोलंडचे नागरिक झाले आणि सोव्हिएत म्हणून वारले, तेही गाव न सोडता. एवढं कचेरीतल्या बाईंना पटलं. पण चर्चच्या दाखल्यात जन्म एक जानेवारीचा आणि पासपोर्टात चौदाचा.

"हे दोन वेगळे वासिल आहेत," त्या म्हणाल्या.

"एकच. संत वासिलच्या सणाला जन्मले म्हणून वासिल. तो सण जुन्या पंचांगाने एकला, नव्याने चौदाला."

"मग वाढदिवस दोनदा करायचे का?"

"एकदा केला असता तरी पुष्कळ होतं, बाई."

त्या हसल्या. अर्ज घेतला.

पाय सुजलेत, बाकी ठीक. आईला सांगू नकोस. ती औषधं घेते ना? तिकडे हल्ल्यांनंतर वीज असते का?

तुझी ताई,
स्तेफा

ता. क. आज खिडकीत दिलं: दाखला आणि आजोबांचा मूळ पासपोर्ट. तो परत मिळणार नाही. त्यांचा एकुलता एक फोटो त्यातच होता. मी मोबाइलवर टिपून घेतलाय, पण आईला तो हातात धरायची सवय आहे.